मोघम नको

१

सकाळी बाबांचा चहा झाला की संपादिकेचं कार्यालय उघडायचं. कार्यालय म्हणजे जेवणाचं टेबल. कपबश्या एका बाजूला सारायच्या, कॉम्प्युटर मांडायचा, चष्मा नाकावर चढवायचा, की झालं सुरू. पूर्वी ती एका प्रकाशनसंस्थेत नोकरीला होती. संस्था बुडाली, आणि तेव्हापासून ती घरी बसून, स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकांची हस्तलिखितं तपासायची.

लोकांना वाटतं, या कामात ऱ्हस्व-दीर्घ बघण्यापलीकडे काही नसतं. ते काय, कोणीही करील. तिचं खरं काम प्रश्न विचारायचं. लेखकाच्या डोक्यात जे असतं ते कागदावर उतरलेलं नसतं, आणि त्या बिचाऱ्याला वाटत असतं की उतरलंय. मग ती समासात विचारायची, हा माणूस दारात उभा आहे की खिडकीपाशी? मघाशी घरात दोन मुलं होती, त्यातलं एक कुठे गेलं? ही बाई रडतेय ती नेमकी कशासाठी? निम्मे लेखक फुरंगटून बसायचे. पुस्तक हातात आलं की तेच म्हणायचे, ताई, तुम्ही नसतात तर माझं हसं झालं असतं. या दोन टोकांच्या मधले महिने मात्र तिचं डोकं उठवणारे असायचे.

ही प्रश्नांची खोड तिला बाबांकडून आली होती. बाबांची हयात नकाशे काढण्यात गेली. आता दोन्ही डोळे गेले होते आणि ते पॅसेजच्या टोकाच्या खोलीत पलंगावर असत. रोज तिने त्यांच्या खिडकीत उभं राहून बाहेर काय दिसतं ते सांगायचं, असा नेम होता. "समोर गाडी उभी आहे," म्हटलं की बाबा म्हणणार, "कुठल्या रंगाची? तोंड कुठे? मोघम नको." सांगून समाधान झालं नाही की ते हातांनी बघत. मावशी कामाला आल्या त्या पहिल्याच दिवशी बाबांनी त्यांचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत चाचपला होता आणि मापं घेतल्यासारखं मोठ्याने सांगितलं होतं. मावशी लाजून चूर झाल्या, पण बाबा खूश होते. त्यांना ओळख पटली होती.

२

चष्मेवाले काका तिला भेटले ते फोनवरच, पुढेही भेट कधी झाली नाही. जन्मभर लोकांचे डोळे तपासून, चष्मे विकून त्यांनी दुकान मुलाच्या हवाली केलं होतं आणि रिकामपणी एक कादंबरी लिहिली होती. "ताई, छोटीशीच आहे," ते म्हणाले. "नुसती नजर टाका."

छोटीशी होती खरी, पण सगळी धुक्यात बुडालेली. एका घरात एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला आहे. मुलगा त्याची सेवा करतो. आणि कलत्या दुपारी त्या खोलीत 'काहीतरी' येतं. ते 'कुठेसं' बसतं. ते 'कसलंसं' असतं, आणि ते बघून मुलाला 'कसंतरीच' होतं. शेवटी म्हाताऱ्याचं काय होतं, ते लेखकाला ठाऊक, आणि तो सांगेल तर शपथ. ज्या माणसाने अख्ख्या बाजारपेठेला लख्ख दिसायला लावलं, त्याने वाचकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी, याला दिव्याखाली अंधार म्हणायचं नाही तर काय?

तिने पानापानाला प्रश्न विचारले. हस्तलिखित परत आलं. प्रत्येक प्रश्नाखाली काकांनी 'आपलं म्हणणं रास्त आहे' असं लिहिलं होतं, आणि मजकुरात एक शब्द बदलला नव्हता. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी ओतायलाही एक मर्यादा असते. तिने फोन लावला.

"काका, तुम्हाला माझं म्हणणं पटतं ना? मग बदलत का नाही?"

"ते तसंच राहू द्या, ताई."

"पण का?"

"तसंच बरं असतं."

"वाचकाला काही दिसतच नाही, काका. हा पळपुटेपणा झाला. तुम्हाला लिहायचं नसेल तर मला हे काम नाही जमणार. तुम्ही दुसरं कोणी बघा."

मग काका म्हणाले, "विचारा एकेक. देतो उत्तरं." आवाजात राग नव्हता. हरलेल्या माणसाचा आवाज होता तो, आणि तिला, खोटं कशाला बोला, जिंकल्यासारखं वाटलं.

३

पहिला प्रश्न साधा होता. खोलीत काय काय आहे?

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'लोखंडी पलंग. खिडकीला तीन तावदानं, त्यातलं मधलं दुधी काचेचं. एक लाकडी स्टूल. त्याचा एक पाय आखूड आहे म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली.'

तिने टाळीच वाजवली आणि ते जसंच्या तसं मजकुरात घातलं. म्हणजे येतं की लिहायला! इतके दिवस उगाच छळत होते. त्याच खुशीत ती बाबांना औषध द्यायला गेली, आणि तिचा पाय स्टुलाखालच्या पुठ्ठ्याला लागून पुठ्ठा घसरला. तिने वाकून तो पुन्हा सारला. उभी राहिली तेव्हा समोर खिडकी होती. मधलं तावदान मागे फुटलं होतं, आणि काचवाल्याकडे साधी काच शिल्लक नव्हती म्हणून दुधी बसवून घेतली होती.

तिने मनाची समजूत घातली. लंगडं स्टूल कुठल्या घरात नसतं? फुटलेल्या तावदानांनाही तोटा नाही. बोलाफुलाला गाठ पडते, ती अशीच. तरी पुढचा प्रश्न टाइप करताना ती जरा रेंगाळली. दार कसं उघडतं?

'पूर्ण उघडत नाही. मागे कपाट आहे. उघडताना खालची कड फरशीला घासते, आणि तिथे फरशीवर अर्धगोल ओरखडा पडलाय.'

ती उठली. पॅसेजमधून बाबांच्या खोलीपर्यंत गेली, दार ढकललं. दार घासत गेलं आणि कपाटाला टेकून थांबलं. ओरखडा तिथेच होता. इतक्या वर्षांत तो तिने कधी पाहिला नव्हता.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. दार बघत होते."

"दारात बघण्यासारखं काय आहे?"

ती टेबलाशी आली आणि तिने काकांना फोन लावला. "काका, तुम्ही आमच्या घरी कधी आला होतात का?"

"मला तुमचं घर कुठे आहे तेसुद्धा ठाऊक नाही, ताई."

"मग ही खोली कोणाची लिहिलीत?"

"माझ्या डोक्यात काही खोली नव्हती. म्हणून तर मोघम लिहिली होती. तुम्ही विचारलंत, तेव्हा ही डोळ्यांपुढे आली. चुकलं का काही?"

चुकलं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. पण जी बाई दिवसभर दुसऱ्यांना 'हे पटत नाही' असं लिहून पाठवते, तिने स्वतः असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा म्हणजे अतीच. तिने कामाकडे काम म्हणून बघायचं ठरवलं.

४

आता खोलीत जे येतं त्याची पाळी होती. तिने विचारलं, ते माणूस आहे का? उत्तर आलं, 'बसतं माणसासारखं.' कशावर बसतं? 'स्टुलावर. पलंगाच्या इतकं जवळ की गुडघे पलंगाला लागतात.'

त्या दिवशी मावशी पोछा करून बाहेर आल्या आणि कुरकुरल्या, "ताई, स्टूल जरा जाग्यावर ठेवत जा. सारखं पलंगाला चिकटवून ठेवता. मला वाकता येत नाही तिथे."

"मी नाही ठेवलं."

"मग काय आजोबांनी उठून ठेवलं?" असं म्हणून मावशी बादली रिकामी करायला गेल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्यांचा स्वभाव, म्हणून संपादिकेने ते मनावर घेतलं नाही. स्टूल खिडकीशी नेऊन ठेवलं आणि ती कामाला बसली.

तिची पुढची शंका अगदी धंद्यातली होती. ते बसलंय हे कळलं, पण त्याचे हात कुठे आहेत? नवखे लेखक हात विसरतातच. माणसं बसतात, बोलतात, आणि हात कुठेतरी लोंबकळत राहतात.

याचं उत्तर यायला वेळ लागला. आलं ते असं. 'हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले असतात. एखाद्याला हात लावायचा नाही म्हणून बजावून ठेवावं, तसे.'

तिने ते वाचलं आणि तिच्या अंगावर काटा आला. चांगलं वाक्य वाचलं की यायचाच, म्हणून पहिल्यांदा तिला तो तसलाच वाटला. मग पॅसेजच्या टोकाकडून लाकूड फरशीवर सरकल्याचा आवाज आला. थोडासाच. बसलेल्या माणसाने स्टूल जरा पुढे ओढून घ्यावं, तेवढा.

ती गेली तेव्हा खोलीत बाबांशिवाय कोणी नव्हतं. स्टूल पलंगाला टेकलेलं होतं.

"मघाशी येऊन बसली होतीस ना?" बाबा म्हणाले. "बोलली का नाहीस?"

"मी टेबलाशी होते, बाबा."

"मग कोण होतं?"

"कोणी नाही. तुमचा डोळा लागला असेल."

"डोळा लागायला डोळे लागतात," बाबा म्हणाले. विनोद त्यांचा जुनाच होता, पण या खेपेला ते हसले नाहीत.

५

तिने स्टूल उचलून गॅलरीत टाकलं. त्यावर रिकामी कुंडी ठेवली. स्वतःचाच राग येत होता. पन्नाशीची बाई, एका स्टुलाला घाबरते. बाबांना काही दिवस भावाकडे न्यावं, असंही मनात आलं. तिने विषय काढला मात्र, बाबा उखडले.

"या खोलीचा इंच न् इंच मला माहीत आहे. दुसऱ्याच्या घरी नेऊन मला खरा आंधळा करणार आहेस का? काय झालंय ते तरी नीट सांग."

काय सांगणार? एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याने लिहिलंय म्हणून? तिने भावाला फोन लावला, तर तो म्हणाला की तुला सुट्टीची गरज आहे. सल्ला द्यायला त्याचं काय जात होतं, तो उंटावरून शेळ्या हाकण्यात पहिल्यापासून पटाईत होता.

दुपारी ती बाबांच्या खोलीत गेली तर स्टूल पलंगाशी होतं. पुठ्ठ्याच्या घडीसकट.

"मावशी, हे आत कोणी आणलं?"

"आजोबांनी मागितलं," मावशी म्हणाल्या. "म्हणाले, येणाऱ्याला बसायला नको का? मी म्हटलं, येतंय कोण इथे, पण त्यांच्यापुढे कोण बोलणार?"

म्हणजे याचा तरी उलगडा होता. तिला हायसं वाटलं, आणि लगेच वाटलेलं गेलं. बाबांकडे येणारं जाणारं कोणी नव्हतंच.

६

तिचे शेवटचे तीन प्रश्न आधीच गेलेले होते. हातांचं ते वाक्य वाचलं त्याच भरात, लाकूड सरकल्याचा आवाज यायच्या आधीच तिने ते पाठवून दिले होते. हात लपवलेत म्हटल्यावर ते कधी बाहेर येणार याची वाचक वाट बघणार, तर ते कधी बाहेर येतात? शेवटी म्हातारा राहतो की जातो? लेखकाने इथून पळ काढू नये. आणि चेहरा? इतकं सगळं दाखवून चेहरा नाही दाखवला तर वाचक फसवल्यासारखा होईल.

आता 'उत्तरं नकोत' असं कळवावं म्हणून तिने कॉम्प्युटर उघडला, तर उत्तरं येऊन पडलेली. पहिल्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'त्याचं तोंड कोणीतरी नीट सांगितलं, की.' दुसऱ्याखाली, 'हात बाहेर आले की जातो.' तिसऱ्या प्रश्नाखाली जागा कोरी होती.

तिने फोन लावला.

"काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगितलं नाही कोणी. खरं-खोटं मलाही ठाऊक नाही." काकांचा आवाज दमलेला होता. "आमचे वडील आजारी होते तेव्हा एकदा असंच खोलीत कोणीतरी बसलेलं होतं. मी तरुण होतो. वर बघायचा धीर झाला नाही. मान खाली घालून उभा राहिलो, आणि वडिलांनी विचारलं तेव्हा म्हटलं, काहीतरी आहे, कसलंसं. दिवस मावळला आणि ते निघून गेलं. वडील त्यानंतर खूप जगले."

"मग हे आधी का नाही बोललात?"

"मी म्हटलं होतं, ताई. तसंच बरं असतं म्हणून."

"हे असं म्हणतात का? नीट सांगायचं ना!" तिचा आवाज चढला, आणि आपण बाबांच्याच सुरात बोलतोय हे तिच्या लक्षात आलं. हात दाखवून अवलक्षण केलं ते तिनेच. काका बिचारे दोनदा नाही म्हणाले होते.

"चेहऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही," काका म्हणाले. "मी पाहिलाच नाही. तेवढं तरी विचारू नका. कोणालाच."

"आणि जे लिहून झालंय ते?"

"खोडून बघा. पण एकदा दिसलेलं परत न दिसलेलं होतं का, ते तुम्हालाच माहीत. ते तुमचं काम आहे."

७

मावशी काम आटोपून गेल्या, दार बंद झालं, आणि ती खोडायला बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती एखादं पुस्तक बिघडवत होती. स्टूल काढलं, 'कुठेसं' लिहिलं. दुधी काच काढली. ओरखडा काढला. मांड्यांखालचे हात काढले आणि तिथे 'कसलंसं' घातलं. जे जे शब्द तिने लाल रेघ मारून हाकलले होते, त्यांना ती हातापाया पडून परत बोलावत होती. प्रत्येक शब्द घालताना चीड येत होती, कारण मजकूर पुन्हा भिकार होत होता. त्या भीतीतही तिला तो भिकार दिसत होता.

शेवटच्या पानापाशी ती आली आणि पॅसेजच्या टोकाला लाकूड सरकलं.

"अगं," बाबांनी हाक मारली. "इकडे ये जरा."

ती गेली. दार घासत उघडलं आणि कपाटाला टेकलं. उंबऱ्यातच तिने नजर फरशीवर खिळवली. खिडकीतून दुपारचं ऊन आलं होतं, त्यात पलंगाचे पाय दिसत होते, आणि त्यांच्याशी स्टुलाचे. पुठ्ठ्याची घडी एरवी फुगून बाहेर आलेली असे. आता ती वजनाखाली चपटी झाली होती.

"कोण आलंय?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा."

"कोणी नाही कसं? श्वास ऐकू येतोय मला. गुडघे लागताहेत पलंगाला. कोण आहे?"

नजर वर जाऊ पाहत होती. सवयच ती, अर्धवट दिसलेलं पुरतं बघायची. तिने मान आणखी खाली घातली.

"काहीतरी आहे," ती म्हणाली. "कसलंसं."

बाबा म्हणाले, "हे काय उत्तर झालं?"

"ते तसंच राहू द्या, बाबा."

"मी तुला असं बोलायला शिकवलं? कसं दिसतं, किती उंच, तोंड कुठे. मोघम नको."

"नको ना. तुम्हाला हात जोडते. तसंच बरं असतं. दिवस मावळेपर्यंत थांबा फक्त, मी इथेच उभी राहते."

"तू नको सांगूस," बाबा म्हणाले. "मी माझं बघतो."

चादर सळसळली. ते काय करताहेत हे तिला कळलं आणि ती धावली. पण मान वर न करता धावणाऱ्याला दुसऱ्याचा हात कुठे आहे ते कसं दिसणार? तिच्या मुठीत चादर आली, उशीचं टोक आलं. बाबांचा हात तोवर पलंगावरून पलीकडे गेला होता.

"कपाळ अरुंद," बाबा म्हणाले. मापं सांगायचा त्यांचा जुना आवाज लागला होता, सावकाश आणि स्पष्ट. "डाव्या बाजूला खोक. जुनी आहे."

"बाबा, सांगू नका."

"भुवया नाहीत. डोळे मिटलेले. पापण्या थंड आहेत." कितीतरी दिवसांनी त्यांच्या बोलण्यात समाधान होतं. "नाक सरळ. ओठ, हं, ओठ हलताहेत. हनुवटी टोकदार. थांब, आता नीट कळलं मला."

स्टूल करकरलं. पुठ्ठ्याची घडी एका बाजूने वर आली, बसलेलं पुढे झुकलं होतं म्हणून. ती चादर घट्ट धरून फरशीकडे बघत राहिली. पण स्टुलाची कड तिच्या नजरेच्या टोकाला होती. त्या कडेवरून, मांडीखालून, एक हात बाहेर आला. फार काळ दाबून ठेवल्यामुळे त्याची बोटं आखडली होती, ती त्याने एकेक करून मोकळी केली. दुसऱ्या हाताला फारसा वेळ लागला नाही.